फ्रँचायझीधारकाचे संरक्षण

अमेरिकेतील हमरस्त्यावरचे उपाहारगृह किंवा दुकान ज्या कंपनीच्या नावाने ओळखले जाते, तिच्या मालकीचे ते पुष्कळदा नसते. ते चालविणारा गृहस्थ स्वतःचे भांडवल घालतो, कंपनीचे नाव व व्यवसायपद्धती वापरण्याचा हक्क मोबदला देऊन मिळवितो आणि बहुधा विक्रीचा काही हिस्सा तिला देत राहतो. हीच फ्रँचायझी होय. कराराचा मसुदा मात्र कंपनीने आधीच छापून ठेवलेला असतो. वर्षानुवर्षे खपून जमविलेले गिऱ्हाईक आपले नसून त्या नावाचे आहे, हे धारकाला करार संपतो त्या दिवशी उमगते.

या विषमतेवर पहिला उपाय कॅलिफोर्नियाने योजिला. तेथील 1970 च्या कायद्याने कंपनीवर प्रस्तावाची नोंदणी करण्याचे आणि सहीपूर्वी सर्व माहिती उघड करण्याचे बंधन घातले. फेडरल ट्रेड कमिशनचा देशव्यापी नियम 1979 मध्ये अमलात आला. 2007 मध्ये सुधारलेल्या या नियमानुसार माहितीपत्र सहीच्या वा पैसे देण्याच्या किमान 14 दिवस आधी हाती पडले पाहिजे. परंतु नियम मोडला गेल्यास त्याच्या आधारे धारकाला स्वतः दावा लावता येत नाही. शिवाय जाचक अट आधी वाचावयास मिळाली म्हणून ती सौम्य होत नाही.

खरा प्रश्न करार मोडण्याचा आहे. मोटारी व पेट्रोल यांच्या विक्रेत्यांसाठी वेगळे संघीय कायदे आहेत; इतरांची भिस्त घटकराज्यांवर. न्यू जर्सीच्या 1971 च्या कायद्यानुसार करार रद्द करण्यास समुचित कारण लागते आणि सर्वसाधारणपणे 60 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. समुचित कारण म्हणजे धारकाकडून कराराचे ठळक उल्लंघन. कंपनीची व्यापारी सोय नव्हे. या कायद्यामागचा विचार 1973 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जुन्या करारालाही लावला. शेल कंपनीचा एक पेट्रोलपंप 1959 पासून चालविणाऱ्या विक्रेत्याला ती काढू पाहत होती. त्याचा करार कायद्याच्या आधीचा होता. तथापि दोन्ही पक्षांच्या सौदाशक्तीत एवढे अंतर असताना विनाकारण करार संपविणे सार्वजनिक धोरणास विरोधी आहे, असे न्यायालयाने ठरविले.

विस्कॉन्सिनने 1974 मध्ये 90 दिवसांची सूचना आणि त्यातील 60 दिवस चूक सुधारण्यासाठी, अशी तरतूद केली. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2016 पासून झालेल्या वा नूतनीकृत करारांत तर बेकायदेशीर रद्दतेबद्दल कंपनीला व्यवसायाचे बाजारमूल्य भरून द्यावे लागते. अनेक राज्यांत असे काहीच नाही. तेथे छापील करार हाच कायदा.

जेथे कायदा आहे तेथेही एक खिंडार राहिले. करारात सही करून या संरक्षणावर पाणी सोडता येणार नाही, असे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बजावले होते. सेव्हन-इलेव्हन दुकानांच्या धारकांनी त्याच आधारे लवादाच्या कलमाला हरकत घेतली. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, संघीय लवाद कायद्यापुढे राज्याचा हा निर्बंध टिकत नाही, असा निर्णय दिला. हक्क अबाधित राहिला, पण तो मागावयाचा तो न्यायालयात नव्हे, लवादापुढे.