प्रॉक्सीचे प्रमाणीकरण : अडथळे व उपाय

छिंदवाडा जिल्ह्यातून २०२३ साली वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिलींचा मिळून बनला आहे. नव्या जिल्ह्याच्या कारभारात कागदी फायलींइतकेच महत्त्व संगणकीय माहितीच्या देवाणघेवाणीला आहे. अशी देवाणघेवाण करणाऱ्या अनेक आज्ञावलींच्या पोटात ‘लिबकर्ल’ नावाचा कार्यसंग्रह असतो. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ पासून विकसित केलेल्या ‘कर्ल’ ह्या साधनाचा तो गाभा होय. कार्यालयीन जाळ्यात प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ संगणक, असल्यास हे काम कधीकधी ‘४०७’ ह्या संकेतावर अडून बसते. त्याची कारणे व उपाय येथे थोडक्यात सांगितले आहेत.

४०७ म्हणजे काय?

तहसील कचेरीच्या दारावर शिपाई नाव विचारतो आणि आत गेल्यावर साहेब पुन्हा कागदपत्रे पाहतात. ही दोन निरनिराळी विचारणे आहेत. ४०७ हा दारावरच्या मध्यस्थाचा प्रश्न, तर ४०१ हा पलीकडच्या सर्व्हरचा प्रश्न होय. पुष्कळदा ४०७ आला असता सर्व्हरचाच पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलून पाहिला जातो. तो प्रयत्न व्यर्थ असतो. सुरक्षित संकेतस्थळासाठी आधी प्रॉक्सीमधून बोगदा खोदावा लागतो. ४०७ तेथेच मिळाला, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नसते. उलट ४०३ आल्यास ओळख पटूनही परवानगी नाकारली गेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी जाळ्याच्या व्यवस्थापकास भेटावे.

तपासाचा क्रम

प्रथम सविस्तर नोंदीचा पर्याय चालू करून प्रॉक्सीचे उत्तर वाचावे. कोणती पद्धत मान्य आहे, हे प्रॉक्सी त्यातच सांगतो. बेसिक, डायजेस्ट, एनटीएलएम व निगोशिएट ह्या प्रमुख पद्धती होत. कर्ल प्रॉक्सीसाठी आपणहून बेसिकच वापरतो. म्हणून प्रॉक्सी केवळ अन्य पद्धत मागत असेल, तर नाव व पासवर्ड बिनचूक असूनही नकार मिळतो. ‘कोणतीही योग्य पद्धत’ हा पर्याय दिल्यास कर्ल आधी विचारणा करून मान्य पद्धतींपैकी सर्वांत सुरक्षित पद्धत निवडतो. मात्र ती पद्धत आपल्या प्रतीत अंतर्भूत आहे की नाही, हे आवृत्तीच्या माहितीत पाहून घ्यावे. निगोशिएट बहुधा कर्बेरॉसवर चालते; संगणकाचे घड्याळ काही मिनिटे जरी चुकले, तरी ती नाकारली जाते. एनटीएलएम मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कालबाह्य ठरविली आहे. नव्या कामात ती टाळणे इष्ट.

दुसरे कारण पासवर्डातील चिन्हांचे. प्रॉक्सीच्या पत्त्यातच नाव व पासवर्ड लिहिल्यास ॲटचे चिन्ह पत्ता तोडते. त्याऐवजी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे ४० असे लिहावे. लिबकर्लमध्ये नाव व पासवर्ड देण्याचे स्वतंत्र पर्याय वापरल्यास हे रूपांतर करावे लागत नाही.

तिसरे कारण परिस्थितीजन्य चलांचे. साध्या एचटीटीपीच्या प्रॉक्सीचे चल कर्ल केवळ लहान रोमन अक्षरांतच ओळखतो; मोठ्या अक्षरांत लिहिलेले चल तो मुद्दाम सोडून देतो. जुना पासवर्ड एखाद्या चलात तसाच राहून गेला असेल, तर तोही शोधावा. कार्यालयांतर्गत पत्ते प्रॉक्सीतून वगळण्यासाठी स्वतंत्र चल आहे, त्याचा उपयोग करावा.

सावधगिरी

बेसिक पद्धतीत पासवर्ड केवळ सांकेतिक रूपात जातो, गुप्त राहत नाही. वाटेत नोंद पाहणारा तो सहज उलगडू शकतो. म्हणून मदतीसाठी सविस्तर नोंद पाठविताना त्यातील प्रमाणीकरणाची ओळ अवश्य खोडावी. आज्ञेच्या ओळीत लिहिलेला पासवर्ड त्याच संगणकावरील इतरांना दिसू शकतो. तो मर्यादित परवानगी असलेल्या फायलीत ठेवावा. आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीला ४०७ मिळताच थांबण्याची सूचना द्यावी. अन्यथा चुकीच्या पासवर्डाचे प्रयत्न वारंवार होऊन खातेच बंद पडते आणि एका आज्ञावलीची अडचण साऱ्या शाखेची अडचण होते. प्रमाणपत्राची तपासणी बंद केल्याने ४०७ मिटत नाही, केवळ सुरक्षितता जाते.

प्रश्न कोणी विचारला, कोणत्या पद्धतीने विचारला आणि आपण काय उत्तर दिले, ह्या तीन गोष्टी क्रमाने पाहिल्या असता बहुतेक अडथळ्यांचे मूळ सापडते.