पेट्रोलची प्लॅस्टिक टाकी घरी रंगवता येईल का?

मोटोक्रॉस शर्यतीच्या अनेक मोटारसायकलींची पेट्रोलची टाकी पॉलिएथिलीनची असते. अशी पांढरट टाकी कापडाच्या रंगाच्या गरम पाण्यात बुडवली, तर रंगेल का?

नायलॉनचे कापड असे रंगते, कारण त्यातील अमाइड गट रंगाचे रेणू धरून ठेवतात. पॉलिएथिलीन म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. तिथे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाला धरायला जागाच नसते. तेलात विरघळलेली हळद मात्र प्लॅस्टिकच्या डब्यात शिरते, हे आपण रोज पाहतो.

मग तेलात विरघळणारा रंग वापरावा का? पेट्रोलही हायड्रोकार्बनच. ते टाकीच्या भिंतीत मुरते आणि असा रंग विरघळवून घेऊ शकते. बाहेरून दिलेल्या रंगालाही झिरपणाऱ्या वाफेमुळे फोड येतात. म्हणूनच कारखान्यात टाकी घडवण्यापूर्वीच प्लॅस्टिकमध्ये रंगद्रव्य मिसळतात.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगू या. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. रिकाम्या टाकीतही ती उरते. अशी टाकी शेगडीजवळ कधीच नेऊ नये.

प्रयोगासाठी पॉलिएथिलीनच्या पिशवीचे दोन तुकडे पुरेत. एक हळदीच्या पाण्यात, दुसरा हळद घातलेल्या तेलात दिवसभर ठेवा. साबणाने धुवा आणि तुलना करा.