निकोलस स्टोन : एक पाथरवट आणि त्याची हिशेबवही

इंग्रजी वाङ्मयाचा परिचय आपल्याकडील सुशिक्षितांना आता नवा राहिलेला नाही. एलिझाबेथ राणीच्या काळातील एडमंड स्पेन्सर आणि त्यानंतरचा जॉन डन हे कवी आपल्या महाविद्यालयांतून कित्येक पिढ्यांनी अभ्यासले आहेत. परंतु या दोघांची स्मारके एकाच माणसाच्या कारखान्यात घडली, हे किती जणांना ठाऊक असेल? त्या माणसाचे नाव निकोलस स्टोन. कवी प्रसिद्ध झाले, त्यांच्या स्मारकांचा कर्ता मात्र अभ्यासकांपुरताच उरला. आज आम्ही त्याचीच ओळख करून देणार आहोत.

स्टोन हे आडनाव त्याला शोभणारेच होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात एक्सटर शहराजवळ वुडबरी नावाचे गाव आहे. तेथे एका दगडखाणीत काम करणाऱ्या माणसाच्या घरी १५८६-८७ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. मोठा झाल्यावर तो लंडनला आला आणि आयझॅक जेम्स नावाच्या कारागिराकडे उमेदवारी करू लागला.

त्या वेळी इंग्लंडात मूर्तिकारास काम तरी कसले होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत तेथील चर्चमधील संतांच्या मूर्ती हटविण्यात आल्या, कित्येक फोडण्यात आल्या. देवघरातून मूर्ती गेली की मूर्तिकाराच्या पोटावर पाय येणारच. त्याला उरला तो एकच आश्रय, श्रीमंतांची थडगी. सरदार आणि सरदारणी हात जोडून, पाय ताणून, ताठ उताण्या निजलेल्या. अंगावरील वस्त्रे व दागिने रंगविलेले. दगड बहुधा अलाबास्टर, म्हणजे संगमरवरापेक्षा मऊ आणि कापावयास सोपा. असा हा ठरीव नमुना होता. हा धंदा बऱ्याच अंशी लंडनच्या सदर्क भागात येऊन राहिलेल्या नेदरलंड्सच्या निर्वासित कारागिरांच्या हाती होता.

स्टोनच्या नशिबाने त्याला या चाकोरीबाहेरचा गुरू मिळाला. अॅमस्टरडॅम नगराचा प्रमुख शिल्पी हेंड्रिक द कायसर याच्याकडे तो गेला आणि १६१३ पर्यंत तेथे राहिला. द कायसर हा वास्तू आणि मूर्ती या दोहोंत निष्णात होता. स्टोनने त्याच्याकडून विद्या घेतली, आणि १६१३ मध्ये त्याच्या मुलीशी विवाहही केला. मग हे जोडपे लंडनला आले आणि लाँग अेकर या रस्त्यावर स्टोनने आपला कारखाना थाटला.

पहिल्या काही वर्षांतच त्याने काय साधले ते पाहावे. १६१७ साली त्याने लेडी एलिझाबेथ केरी या वृद्ध बाईंच्या थडग्याचे काम पत्करले. नॉर्दम्प्टनशायरमधील स्टो-नाइन-चर्चेस या गावच्या चर्चमध्ये ते आजही आहे. त्यासाठी त्याला २२० पौंड मिळाले. बाई तेव्हा हयात होत्या आणि पुढे १६३० पर्यंत जगल्या, म्हणजे आपले थडगे डोळ्यांनी पाहण्याचा योग त्यांना आला. काळ्या व पांढऱ्या संगमरवराच्या चौथऱ्यावर ही म्हातारी निजली आहे. तिचे हात जोडलेले नाहीत. एक हात सहज छातीवर विसावला आहे, मान किंचित कलली आहे, वस्त्राच्या चुण्या अंगाच्या वळणाने पडल्या आहेत. जुन्या नमुन्यात दिसे ते प्रेत किंवा प्रार्थना. येथे दिसते ती झोप. भडक रंगांऐवजी दगडाचाच काळा-पांढरा रंग बोलू लागला. इंग्लंडच्या शिल्पात हा पालट घडविणाऱ्यांत स्टोनचे स्थान फार वरचे आहे.

याच बाईंचा मुलगा हेन्री डॅन्व्हर्स, अर्ल ऑफ डॅन्बी याने ऑक्सफर्डला वनस्पतिउद्यान स्थापन केले. त्या उद्यानाची भव्य कमान १६३२-३३ च्या सुमारास स्टोननेच बांधली. आईचे थडगे आणि मुलाच्या बागेचा दरवाजा अशी दोन्ही कामे एका घराने एकाच कारागिराला दिली. त्याच्यावरचा विश्वास सांगावयास याहून वेगळे प्रशस्तिपत्र नको.

दरम्यान १६१९ मध्ये त्याला राजाचे बोलावणे आले. लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात इनिगो जोन्स हा वास्तुकार बँक्वेटिंग हाउस हे नवे सभागृह उभारीत होता. तेथे स्टोन मुख्य गवंडी झाला. रोजचा मेहनताना ४ शिलिंग १० पेन्स. इमारत १६२२ मध्ये पुरी झाली. पुढे १६३२ मध्ये तो राजाचा मुख्य पाथरवट नेमला गेला.

आता डनच्या स्मारकाकडे येऊ. कवी आणि सेंट पॉल कॅथीड्रलचा मुख्य धर्माधिकारी जॉन डन ३१ मार्च १६३१ रोजी वारला. त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो की, अखेरच्या दिवसांत डनने लाकडाचा एक कलश करवून घेतला, अंगाभोवती कफन गुंडाळले, डोके व पाय यांपाशी गाठी मारून घेतल्या आणि डोळे मिटून त्या कलशावर उभा राहून आपले चित्र काढवून घेतले. ते चित्र मरेपर्यंत त्याच्या बिछान्याशेजारी होते. त्यावरून स्टोनने पांढऱ्या संगमरवरात मूर्ती केली. कफनाच्या आत गुडघे किंचित वाकलेले जाणवतात. हा माणूस उभा आहे, पण त्याचे डोळे मिटलेले आहेत. तो मेला आहे की आता उठणार आहे? ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे अंतिम दिवशी मृतांनी उठावयाचे असते, आणि डनला नेमके हेच सुचवावयाचे होते.

१६६६ च्या महाआगीत जुने सेंट पॉल जळाले. डनची मूर्ती मात्र खाली तळघरात कोसळूनही जवळजवळ अभंग राहिली. एकोणिसाव्या शतकात ती नव्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा उभी करण्यात आली. कलशावर आगीचे डाग आजही दिसतात.

हे सारे आपल्याला इतक्या तपशिलाने कळते, याचे कारण स्टोनची चोख हिशेबी वृत्ती. त्याची एक टिपणवही १६१४ पासूनची आणि एक हिशेबवही १६३१ पासूनची, अशा दोन वह्या लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. १९१९ साली वॉलपोल सोसायटीने त्या छापून प्रसिद्ध केल्या. त्यात स्पेन्सरच्या स्मारकाची नोंद आहे. अॅन क्लिफर्ड या सरदारणीने १६२० मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत ते करविले आणि ४० पौंड दिले. (आज तेथे दिसते ती १७७८ मध्ये जुन्याबरहुकूम नव्याने केलेली प्रतिकृती होय.) डनच्या स्मारकाचे १२० पौंड, त्यांतील ६० पौंड चांदीच्या भांड्यांच्या रूपाने मिळाले, हेही त्यात आहे.

परंतु याच वहीत आणखी एक नोंद आहे : डनची मूर्ती पुरी करण्याबद्दल हम्फ्री मेयर या कारागिराला ८ पौंड दिले. मग ती मूर्ती कुणाची? कल्पना डनची, चित्र भलत्याचे, हातोडा-छिन्नी बऱ्याच अंशी मेयरची, आणि नाव स्टोनचे! आम्हांला वाटते, हा प्रश्न असा विचारणेच चुकीचे आहे. त्या काळी शिल्पशाळा हे एक कुटुंब असे. मालक गिऱ्हाइकाशी करार करी, आराखडा देई, दगड आणवी, मदतनिसांकडून काम करवून घेई, महत्त्वाच्या ठिकाणी स्वतः हात फिरवी आणि शेवटी गाडीतून वा गलबतातून दगड नेऊन दूरच्या चर्चमध्ये बसवून देई. काम वाईट झाले तर बोल त्याला आणि चांगले झाले तर नाव त्याचे. स्टोनची सारीच कामे सारखी सरस नाहीत, हेही कबूल केले पाहिजे. कित्येक निव्वळ धंद्याची आहेत. पण मेयरला दिलेले ८ पौंड त्याने लपविले नाहीत. म्हणूनच आज हम्फ्री मेयर हे नाव आपण उच्चारू शकतो. मोठमोठ्या कलावंतांच्या हाताखाली राबलेल्या किती जणांच्या वाट्याला एवढे तरी आले?

स्टोनला आपल्या मर्यादांची जाणीव असावी. १६३८ मध्ये त्याने हेन्री आणि निकोलस या दोघा मुलांना इटलीस धाडले. धाकट्या निकोलसने रोजनिशी लिहिली असून रोममध्ये थोर शिल्पकार बेर्निनीशी झालेल्या भेटीची हकीकत तीत आहे. बापाने हॉलंडला शिकावे, मुलाने रोमला, आणि मग घरच्या कारखान्याने आणखी उंची गाठावी, असा हा बेत होता.

पण काळ उलटला. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चचा १६३७ मध्ये बांधलेला, पीळदार खांबांचा दर्शनी मंडप स्टोनच्या नावावर सांगितला जातो. त्याच्या माथ्यावरील माता मेरीच्या मूर्तीवर पार्लमेंटच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या मूर्तीचा दाखला आर्चबिशप लॉड याच्याविरुद्धच्या खटल्यातही देण्यात आला. स्टोनचा मुलगा जॉन राजाच्या बाजूने लढावयास गेला. राजदरबारच संकटात सापडल्यावर दरबारी पाथरवटाला काम कोण देणार? स्टोन १६४७ च्या ऑगस्टमध्ये वारला. बेर्निनीला भेटून आलेला निकोलसही त्याच वर्षी गेला. आणि ३० जानेवारी १६४९ रोजी, ज्या बँक्वेटिंग हाउसचे दगड स्टोनने रोजंदारीवर बसविले होते, त्याच्याच समोर पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला.

स्टोनला लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स येथे पुरले. ते चर्च अठराव्या शतकात पाडून त्या जागी नवे बांधले गेले. जन्मभर दुसऱ्यांची नावे दगडात कोरून टिकविणाऱ्याचे स्वतःचे नाव टिकले ते कागदावर. जमाखर्चाच्या साध्या वहीत. आपल्याकडेही देवळे आहेत, वाडे आहेत, घाट आहेत. ते बांधविणाऱ्यांची नावे शिलालेखांत सापडतात, बांधणाऱ्यांची क्वचितच. कुणाच्या घरी माळ्यावर जुनी वही पडलेली असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, एवढेच आमचे मागणे आहे.