पाऊणकीची भरती

जिताडा माशावरचा लेख या आठवड्यातही राहिला. लिहायला बसलो होतो, पण चिपळूणच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर जिताड्याकडे वळवेना. ते लिहितात: "चालू ओहोटीला व्हाळाच्या तोंडाशी बसा आणि संध्याकाळ साधा, असं तुम्ही म्हणालात. पंचमी होती. मोबाईलवर दाभोळची भरती साडेतीनच्या सुमाराची होती, म्हणून पाच वाजता गोवळकोटच्या बाजूला जाऊन बसलो. पाणी ओसरायचं नाव नाही, उलट चढतच होतं. दिवेलागणीला ते कुठे थांबलं. अंधार पडल्यावर उठलो. मासा सोडा, गरीवरची कोळंबीसुद्धा जशीच्या तशी. आता मला सांगा, मोबाईल चुकला की तुम्ही?"

मोबाईल बरोबर होता, मी सांगितलेलंही बरोबर होतं, फक्त दोन्ही दाभोळला बरोबर होती. हा घोळ इतका सार्वत्रिक आहे आणि माझ्या इतक्या आवडीचा आहे की आज सगळा लेख त्यालाच देतो.

आधी पाऊणकी. ज्यांनी शाळेत पावकी-निमकी घोकली असेल त्यांना हिशेब लगेच कळेल. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आडाखा असा, की तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुपारची भरती पावणेचारला, तर पहाटेचीही त्याच सुमाराला, कारण दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं.

हा आडाखा किती नेमका आहे? एका चांद्रमासात ३० तिथी, आणि तेवढ्या काळात भरती घड्याळाची एक पूर्ण फेरी करून मूळ वेळेवर येते. म्हणजे २४ तास भागिले ३०, दर तिथीला ४८ मिनिटं. आपल्या वाडवडिलांनी ४५ धरली. तीन मिनिटांच्या बदल्यात त्यांना तोंडी होणारा हिशेब मिळाला, आणि होडीवर कागद-पेन्सिल घेऊन कोण बसतं? पंधरा तिथींत ही तीन-तीन मिनिटं साचून पाऊण तास होतो. तो एकदम कुठे भरून निघतो ते बघा: पौर्णिमेला सव्वाअकरा आणि प्रतिपदेला पाऊण, मधे दीड तासाची उडी. खरी भरती अशी उडी मारत नाही. उधाणाच्या दिवसांत ती रोज थोडीथोडी मागे पडते, अगदी अर्ध्या-पाऊण तासाने, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जास्त, कधी तासाच्याही वर. शिवाय भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गोव्यात पाणी भरतं त्यानंतर तासाभराने मुंबईत. म्हणून पाऊणकी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. गळ टाकून बसणाऱ्याला तेवढं चालतं.

मिनिटाचा हिशेब हवा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, दरवर्षी छापली जातात. या कोष्टकांचा जुना इतिहास मोठा गमतीचा आहे. १८७९ साली एडवर्ड रॉबर्ट्स या गृहस्थाच्या देखरेखीखाली हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये खास एक यंत्र बांधलं गेलं. चंद्राचा ओढा, सूर्याचा ओढा, चंद्र जवळ-लांब जाण्याचा परिणाम, अशा प्रत्येक घटकासाठी एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच दोरी आणि दोरीच्या टोकाला लेखणी. चाक फिरवलं की कागदावर वर्षभराच्या भरती-ओहोटीची रेघ उमटत जाई. मुंबईच्या बंदरात पुढच्या वर्षी पाणी कधी चढणार हे लंडनमधल्या एका खोलीत पितळी चाकं फिरवून ठरायचं, आणि ते बरोबर यायचं! आता हेच काम संगणक करतो आणि ते तुमच्या मोबाईलवर येतं.

पण हे सगळं बंदराचं झालं. खाडीच्या आतलं गणित निराळं आहे.

भरती ही एक लांबच लांब लाट आहे. उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवर ठरतो. चार मीटर खोलीत तो ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास भरतो. दाभोळच्या तोंडापासून चिपळूणपर्यंत वाशिष्ठीची खाडी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आत शिरली आहे. नुसत्या या हिशेबानेच दोन तास झाले. त्यात तळाशी घासणं, वळणं, वाळूचे दांडे धरले तर अडीच म्हणा. दाभोळला साडेतीनला पूर्ण भरलेलं पाणी गोवळकोटला सहाच्या आगेमागे भरणार. आमचे वाचक पाच वाजता ओहोटीची वाट बघत बसले होते ते पाण्याच्या चढत्या अंगाला.

आता यातली खरी मेख. संध्याकाळचा उजेड-अंधाराचा तासभर खाडीतल्या शिकारी माशांचा. तांबोशी, जिताडा, खडकाच्या कडेचा गोबरा, सगळे त्या वेळी हलतात. आणि ओहोटी चालू असताना कांदळवनातून, व्हाळातून, उघाडीतून पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयीची पिल्लं बाहेर येतात. मोठा मासा तोंडाशी टपून असतो. या दोन गोष्टी एका वेळी जुळल्या पाहिजेत. पाणी किती चढलं याला मी फारसं महत्त्व देत नाही. सूर्य मावळताना पाणी कुठल्या दिशेला आणि किती जोरात चाललंय, एवढंच मी बघतो. आणि ते तिथी सांगते.

खाडीच्या तोंडाशी, म्हणजे दाभोळ-अंजनवेलच्या अंगाला, चतुर्थी-पंचमीला भरती तीन-साडेतीनच्या पुढेमागे होते, पाच-साडेपाचला ओहोटीला चांगला जोर येतो आणि नेमका तेव्हा दिवस कलतो. उधाणाचा गढूळपणाही तोवर ओसरायला लागलेला असतो. उधाण ऐन अमावास्येला किंवा पौर्णिमेला नसतं, एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठं होतं, हे विसरू नका. अष्टमीला मात्र त्याच जागी संध्याकाळी पाणी भरून उभं असतं. गळ सरळ खाली लोंबकळतो आणि शिंगाळ्याखेरीज कोणी विचारत नाही.

हेच कोष्टक गोवळकोटला दोन-अडीच तास पुढे ढकला. तिथे पंचमीची संध्याकाळ म्हणजे दाभोळची अष्टमी! चिपळूणकरांनी संध्याकाळची ओहोटी धरायची तर प्रतिपदा-द्वितीयेला बसावं. तेव्हा दाभोळला भरती बारा-दीडच्या दरम्यान, आणि वर चारच्या आत पाणी फिरलेलं असतं. उधाणाचे दिवस असल्याने ओढ जबर, म्हणून शिसं जड लावा. अर्थात इतक्या आत येईस्तोवर भरतीचं अंगही बदललेलं असतं. लाटेचा माथा खोल पाण्यावरून झपझप येतो, पायथा उथळात रखडतो. त्यामुळे वरच्या अंगाला पाणी चढतं भराभर आणि उतरतं सावकाश. ओहोटीचा वेळ तुम्हाला दाभोळपेक्षा जास्त मिळतो. आत राहण्याचा एवढा एक फायदा.

वाशिष्ठीची आणखी एक खोड आहे. कोयनेचं अवजल. सह्याद्रीच्या पलीकडलं पाणी वीज तयार करून इकडे सोडलं जातं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसी ठरवून दिलेलं आहे. ऐन वैशाखातही वाशिष्ठीला गोडं पाणी असतं ते यामुळे. आणि विजेची मागणी वाढली की पाणी वाढतं, कमी झाली की कमी होतं. हे पाणी भरतीला अडवतं आणि ओहोटीला ढकलतं. म्हणून वरच्या भागात पाणी फिरण्याची वेळ एकाच तिथीला दोन महिन्यांत सारखी सापडेल याची हमी नाही.

गोडं पाणी हलकं, खारं जड. भरतीच्या सुरुवातीला खारं पाणी तळाने आत शिरत असतं आणि वरचं गोडं अजून समुद्राकडे चाललेलं असतं. तुम्ही तरंगतं पान बघून म्हणता ओहोटी आहे, आणि तळाला टेकलेलं शिसं मात्र उलट्या दिशेला सरकतंय. तंगूस पाण्यात शिरताना एका बाजूला वाकतो आणि खाली दुसऱ्या बाजूला ताणतो, हे ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. अशा वेळी मी पानाचं ऐकत नाही. तळाशी चरणारा मासा तळाच्या पाण्याला तोंड करून असतो, आमिषही त्याच अंगाने यायला हवं. वरच्या थरात फिरणाऱ्या बोयीसाठी पीठ लावून बसला असाल तर मात्र पानच खरं.

तेव्हा ज्यांची जागा बंदरापासून आत आहे त्यांनी स्वतःचं कोष्टक करावं. काही अवघड नाही. पुलाच्या खांबावर किंवा जेटीच्या पायरीवर खूण धरायची, पाणी चढायचं थांबलं ती वेळ लिहायची आणि बंदराच्या वेळेशी ताडून बघायची. पण पाणी चढायचं थांबलं म्हणजे वाहायचं थांबलं असं नाही. लांब खाडीत उंची उतरायला लागल्यावरही प्रवाह काही वेळ आतच येत राहतो, म्हणून पाणी फिरल्याची वेळ वेगळी टिपा. गळवाल्याला तीच जास्त कामाची. उधाणाचं आणि भांगाचं अंतर वेगळं येईल, दोन्ही ठेवा. पावसाळ्यातली नोंद बाकीच्यांत मिसळू नका.

हिवाळ्यात आणखी एक बघा. या दिवसांत उधाणाची रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा उंच येते, मुंबईच्या बाजूला चांगली फूट-दोन फूट. पावसाळ्यात उलट, मोठी भरती भर दुपारी. रात्री कांदळवनात जास्त आतवर शिरलेलं पाणी पहाटे बाहेर पडतं. थंडीतली तांबोशी मला पहाटेचीच जास्त भरवशाची वाटते, त्याचं एक कारण हे असावं. पहाटे उठायचा कंटाळा असणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.

गोव्यातल्या वाचकांनी यातला मुंबईचा आकडा तसाच घेऊ नये. मुंबईत उधाणाला पाण्याची चढउतार साडेतीन मीटरच्या पुढे जाते, मुरगावला ती दोन मीटरही धड भरत नाही. मांडवी-झुआरीत ओढ त्या मानाने मऊ, शिसं हलकं चालतं. मुडदुशीसाठी तर हलकंच हवं.

चिपळूणच्या वाचकांना एक वेगळी सूचना. संध्याकाळी गोवळकोटच्या बाजूला बसताना पाण्यापासून चार हात वर बसा, आणि मासा धुवायला काठावर वाकू नका. वाशिष्ठीत मगरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, पण गळाला मासा लागला की माणूस हे विसरतो.

जिताडा पुढच्या आठवड्यात. त्यासाठी जिवंत कोळंबी लागेल, तेव्हा झाकणाला भोकं पाडलेला एक डबा तयार ठेवा. कोळंबी कुठून टोचायची ते तेव्हाच सांगतो. शेपटीकडून टोचणाऱ्यांशी माझं भांडण आहे.