नाव, वर्ण आणि कायदा : वासेट्ठसुत्ताच्या प्रकाशात वंशभेदाचा विचार

पालि वाङ्मयातील ‘जाति’ आणि ‘वण्ण’ हे दोन शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतात. त्यामुळेच त्यांच्या अर्थाविषयी अधिक सावध राहावे लागते. ‘जाति’ म्हणजे मूलतः जन्म, आणि त्यावरून वनस्पतींचा वा प्राण्यांचा जन्मसिद्ध प्रकार. ‘वण्ण’ म्हणजे रंग वा रूप, आणि त्यावरून समाजाने मानलेले चार वर्ग. आधुनिक जग ज्याला ‘वंश’ म्हणते, त्या एका कल्पनेत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत : जन्माने मिळालेला प्रकार आणि कातडीवर दिसणारा रंग. माणसांमध्ये असे जन्मसिद्ध प्रकार आहेत काय, हा प्रश्न तथागतांपुढे आला होता आणि त्यांनी त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले. आधुनिक जीवशास्त्रानेही त्याच दिशेचे उत्तर दिले आहे. असे असता वंशभेद व्यवहारात टिकून का राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वासेट्ठसुत्ताचा युक्तिवाद

सुत्तनिपातातील महावग्गात आणि मज्झिमनिकायातही समाविष्ट असलेल्या वासेट्ठसुत्ताची पार्श्वभूमी अशी आहे. इच्छानंगल येथे वासेट्ठ व भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो. सात पिढ्यांपर्यंत मातृ-पितृकुळ शुद्ध असेल तर माणूस ब्राह्मण ठरतो, असे भारद्वाज म्हणतो. शीलाने व व्रताचरणाने तो ब्राह्मण होतो, असे वासेट्ठाचे मत आहे. वाद मिटत नाही, तेव्हा दोघे तथागतांकडे येतात.

तथागत उत्तराचा आरंभ माणसापासून करीत नाहीत. ते गवत आणि वृक्ष यांच्यापासून सुरुवात करतात. मग किडे-मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी. या प्रत्येकाच्या ठिकाणी जन्माबरोबर आलेली वेगवेगळी चिन्हे आहेत व त्यांवरून त्यांचे प्रकार ओळखता येतात. यानंतर ते मानवी देहाकडे वळतात आणि केस, मस्तक, कान, डोळे, नाक, ओठ, मान, खांदे, पोट, पाठ असे एकेक अवयव घेऊन सांगतात की, माणसामाणसांत प्रकार पाडणारे असे चिन्ह यांपैकी कोठेही नाही. वर्णात नाही आणि आवाजातही नाही. मग माणसांत जो भेद बोलला जातो तो कशाचा? तो ‘समञ्ञे’चा, म्हणजे लोकव्यवहारात दिलेल्या नावाचा. शेती करील तो शेतकरी, व्यापार करील तो व्यापारी, चोरी करील तो चोर. नाव आणि गोत्र ही ठिकठिकाणी संमतीने ठरविली गेलेली गोष्ट आहे.

अस्सलायनसुत्तात याच विचाराला भूगोलाची जोड मिळते. योन, कंबोज आणि अन्य सीमावर्ती देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण आहेत आणि तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, याकडे तथागत लक्ष वेधतात. सीमा ओलांडताच जे बदलते ते निसर्गाचे नसते, हा त्यातील साधा पण निर्णायक मुद्दा आहे.

नाकाचे मोजमाप

वासेट्ठसुत्तातील अवयवांच्या यादीत नाकाचा उल्लेख आहे, हे आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. कारण त्यानंतर अनेक शतकांनी याच देशात एका इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजविली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा असा दावा होता की, नाकाच्या रुंदीवरून वंश ओळखता येतो आणि जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या सिद्धान्ताचा परामर्श घेताना मोजमापाला मोजमापानेच उत्तर दिले. जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश एकच आहे, हे त्यांनी १९३६ सालीच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या प्रबंधात मांडले होते. १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी मानवमितीचे आकडे घेऊन दाखविले की, नाकांचे मोजमाप खरे मानले तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

पुढे विज्ञानाचा कौलही स्पष्ट झाला. युनेस्कोने १९५० साली वंशविषयक निवेदन प्रसिद्ध केले. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने दाखविले की, मानवांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच आढळते; तथाकथित वंशांमधील फरक त्या मानाने अत्यल्प आहे.

एक खटला

परंतु न्यायालये, दप्तरे आणि सरकारी नकाशे वेगळ्या गतीने चालतात. अमेरिकेच्या १७९० सालच्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ व्यक्तीला नागरिकत्व देऊ केले होते. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांना तो अधिकार मिळाला. मधल्या सर्वांचे काय, हा प्रश्न न्यायालयांवर पडला.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कातडीचा रंग ही कसोटी नव्हे. ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ वंशाचा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. थिंद हे अमृतसर जिल्ह्यातील. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले. त्या काळचे मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन गटात घालीत असे. म्हणजे आदल्या निकालाच्या कसोटीवर ते उतरत होते. परंतु या वेळी न्यायालयाने कसोटीच बदलली. पंडितांचे वर्गीकरण महत्त्वाचे नाही. सामान्य माणूस ‘गोरा’ कोणाला समजतो ते महत्त्वाचे, असा निर्णय झाला. दोन्ही निकालपत्रे लिहिणारे न्यायमूर्ती एकच होते : जॉर्ज सदरलँड. समञ्ञा म्हणजे काय हे समजावून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

निकालानंतर, आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्याच्या कारवाया झाल्या. कॅलिफोर्निया राज्याच्या १९१३ सालच्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र अशा परदेशीयांना शेतजमिनीची मालकी नाकारली होती. तो कायदा आता पंजाबी शेतकऱ्यांना लागू झाला. कित्येकांना आपली जमीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या किंवा विश्वासातील अन्य नागरिकांच्या नावे ठेवावी लागली. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ साली खुला झाला, तोही वर्षाला केवळ शंभर स्थलांतरितांच्या मर्यादेसह. वंशाची अट नागरिकत्वाच्या कायद्यातून पूर्णपणे गेली ती १९५२ साली.

या खटल्याची दुसरी बाजू आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावी. थिंद यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला, त्यात ‘वंशावरून माणसाचा अधिकार ठरवू नये’ असे म्हटलेले नव्हते. आपण उच्च जातीचे आहोत, जातिबंधनांमुळे आपले रक्त शुद्ध राहिले आहे आणि अमेरिकेतील गोरा मनुष्य निग्रोशी विवाहसंबंध टाळतो तसाच भारतातील उच्चवर्णीय येथील आदिवासींशी टाळतो, अशी ती मांडणी होती. ज्या शिडीच्या खालच्या पायरीवर त्यांना ढकलले जात होते, तिच्या वरच्या पायरीवर जागा मिळावी, एवढीच ती मागणी होती. भारद्वाजाचा सात पिढ्यांचा सिद्धान्त समुद्र ओलांडून गेला आणि तेथे तो वादीच्याही उपयोगी पडला नाही. शिडीला मान्यता देऊन पायरीविषयी तक्रार करता येत नाही, असा याचा बोध आहे.

द्वेषाविना चालणारा भेद

वंशभेद म्हणजे एका माणसाने दुसऱ्याचा केलेला द्वेष, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती अपुरी आहे. १९३४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या गृहनिर्माणविषयक सरकारी संस्थेचे उदाहरण घ्या. घरासाठी बँकेने दिलेल्या कर्जाला सरकारी हमी देणे हे तिचे काम होते. तिच्या नियमपुस्तिकेनुसार कृष्णवर्णीयांची किंवा मिश्र वस्ती ही कर्जासाठी जोखमीची मानली जाई. याच सुमारास दुसऱ्या एका सरकारी मंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. त्यांत उत्तम वस्ती हिरवी, तर ‘धोक्याची’ वस्ती लाल दाखविलेली असे. आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या वाट्याला बहुधा लाल रंग येई. आता बँकेतील कारकुनाच्या मनात द्वेष असण्याची गरजच उरली नाही. तो नियम पाळत होता.

पुढील परिणाम आपोआप घडत गेले. सर्वसामान्य कुटुंबाची मुख्य संपत्ती घर असते. ज्यांना कर्ज मिळाले त्यांचे घर झाले, घराची किंमत वाढली, त्यावर मुलांचे शिक्षण झाले, आणि घर पुढच्या पिढीकडे गेले. अमेरिकेत शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता-करातून होत असल्याने घरांच्या किमतीचा प्रभाव शाळेवरही पडला. १९६८ साली, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या एका आठवड्याने, गृहनिर्माणातील भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. परंतु त्यापूर्वी जमा झालेली आणि न झालेली संपत्ती कायद्याने बदलली नाही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ सालच्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबांची सुमारे ४५ हजार डॉलर होती. या तफावतीची कारणे अनेक आहेत. तथापि नकाशावरील लाल रंगाचा तीत मोठा वाटा आहे.

जीवशास्त्राच्या दृष्टीने जे नाही, ते अशा रीतीने सातबाऱ्यासारखे, पासबुकासारखे प्रत्यक्ष होते. वंश ही केवळ समञ्ञा आहे असे म्हणताना ‘केवळ’ या शब्दापाशी म्हणूनच थांबावे लागते. नाव खोटे असेल. त्या नावाने भरलेली दप्तरे खोटी नसतात.

सुत्ताचा पुढचा भाग

आमच्या वर्गात हे सुत्त शिकविताना एक प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात : तथागतांनी जन्मभेद नाकारला, तर मग त्यांच्याच भूमीत तो शतकानुशतके का टिकला? उत्तर सुत्तातच आहे, परंतु ते वाचताना पुष्कळदा नजरेतून निसटते. अज्ञ जनांच्या ठिकाणी ही मिथ्यादृष्टी दीर्घकाळ ‘अनुशयित’ आहे, असे तथागत म्हणतात. अनुशय म्हणजे खोलवर निजलेली, प्रसंग मिळताच उठणारी वृत्ती. जी दृष्टी अशी मुरलेली असते, ती एका युक्तिवादाने जात नाही.

दुसरा मुद्दा ‘कम्म’ या शब्दाचा. तथागत पुढे म्हणतात की, चालत्या रथाचे चाक जसे कुणीवर टिकते तसे जग कर्माच्या योगे चालते. या ठिकाणी कम्म म्हणजे पूर्वजन्मीचे प्रारब्ध असा अर्थ घेऊन भेदाचे समर्थन करणे हा सुत्ताचा विपर्यास होय. येथील संदर्भ शेती, व्यापार, शिल्प यांचा, म्हणजे माणूस प्रत्यक्ष जे करतो त्याचा आहे. आम्ही याचा विस्तार असा करतो : नियम लिहिणे हे कर्म आहे, नकाशा रंगविणे हे कर्म आहे, आणि तो नियम मुकाट्याने पाळणे हेही कर्मच आहे. भेद माणसांच्या कर्माने उभा राहिला असेल, तर तो माणसांच्याच कर्माने मोडता येईल. सुत्तातील आशेचे स्थान हेच आहे.

बाबासाहेबांनी या दोन्ही अंगांकडे लक्ष दिले होते. त्यांचे शिक्षण १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या अर्जाची प्रत मागविली. ड्यू बॉईस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. जात आणि वंश एक नव्हेत, हे बाबासाहेबांनी ठामपणे सांगितले होते. तरीही दोहोंची यंत्रणा एकमेकींसारखी चालते, याची जाण त्यांना होती. एकीकडे राज्यघटना आणि दुसरीकडे धम्म, असा दुहेरी मार्ग त्यांनी धरला, कारण दप्तरातील भेद कायद्याने आणि अनुशयातील भेद चित्तशुद्धीने काढावा लागतो. यांपैकी एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

आपल्यापुरते

हा विषय दूरदेशीचा मानून चालणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल नगरपरिषदेने भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. अमेरिकेतील असे ते पहिले शहर. तेथे जात नेली ती आपल्याच देशबांधवांनी. ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना दिल्लीत चेहरेपट्टीवरून सोसावा लागणारा छळ इतका वाढला, की २०१४ साली केंद्र सरकारला बेजबरुआ समिती नेमावी लागली. आणि आपल्या वधू-वर परिचयपत्रिकांत ‘वर्ण’ असा एक रकाना आजही असतो. त्यात ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’, ‘सावळा’ असे भरले जाते. विहारात वासेट्ठसुत्ताचे पठण करणाऱ्या घरांतही ती पत्रिका तशीच छापून येते. तो रकाना लहान आहे, परंतु तो भरताना आपण सुत्तातील ‘वण्ण’ याच शब्दाखाली लिहीत असतो, आणि तेथे माणसाची ओळख नाही असे तथागतांनी सांगून ठेवले आहे. पत्रिका छापावयास देण्यापूर्वी तो रकाना गाळणे, हे कोणत्याही कुटुंबाला आजच्या आज करता येण्याजोगे कम्म आहे.