दिवा काय सांगतो आणि काय नाही
(लेखांक ४)

मागच्या आठवड्यात लाल दिवे पाहिले. तेलाच्या बुधलीचा दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं, एवढं त्यातलं पक्कं लक्षात ठेवा. आज पिवळा दिवा, चेक इंजिनचा.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर माझी गाडी आचके द्यायला लागली, पिकअप गेला आणि हा दिवा उघडझाप करू लागला. नुसता लागून राहिलेला दिवा, गाडी नीट चालत असेल तर, एक-दोन दिवस थांबू शकतो. उघडझाप करणारा थांबत नाही. सिलेंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळू शकते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. कन्व्हर्टर इतका महाग का, ते यावरून कळेल. मी गाडी टो करून नेली.

सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर कोड आला : पी-०३०२. तासाभरात एस्टिमेट हातात. चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, शिवाय कन्व्हर्टर.

हा कोड वाचून बघा. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग. शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांचा सामायिक कोड. ३ म्हणजे ठिणगीचा विभाग, आणि शेवटचा २ म्हणजे दुसरा सिलेंडर. दुसऱ्यात मिसिंग आहे, इतकंच तो सांगतो. कशामुळे, ते नाही. ते शोधायचं काम माणसाचं, आणि तेच टाळून नुसती पार्टची यादी पुढे केली जाते, याची मला चीड येते.

मी गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी दुसऱ्या सिलेंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसला, गाडी सुरू केली. थोड्या वेळात दिवा परत आला, आता पी-०३०३. "बघा साहेब, चोराने जागा बदलली." बिघाड कॉइलबरोबर सरकला, प्लग किंवा इंजेक्टर खराब असता तर दुसऱ्यातच राहिला असता. कॉइलच्या रबरी नळीवर केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती.

एक कॉइल बदलली. मग कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग स्कॅनरवर पाहिलं. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज सतत वरखाली होत होता, मागच्याचा जवळपास स्थिर. जाळी शाबूत होती. मागचाही तसाच नाचला असता तर शंका घ्यायची, आणि तेव्हाही आधी सायलेन्सरची नळी कुठे लीक आहे का ते बघायचं.

एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी एवढंच विचारा : हा पार्ट गेला, हे कुठल्या चाचणीवरून ठरवलंत? आणि कोड पुसू देण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. दिवा लागला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान त्यात नोंदलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं.