ट्रॅक्टराचें अडून बसलेलें बूच

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलांच्या जोड्या उभ्या असत. आज पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या जोडीस किंवा त्यांच्या जागीं ट्रॅक्टर उभा दिसतो. बैल आजारी पडला तर वैरण खात नाहीं, मान खालीं घालतो, आणि धन्यास तें तत्काळ कळतें. यंत्राचें तसें नाहीं. त्याच्या पोटांतील तेल काळें पडलें, त्यांत पाणी शिरलें, लोखंडाची पूड मिसळली, तरी तें कांहीं काळ मुकाट्यानें चालत राहतें. आणि मग ऐन पेरणींत एके दिवशीं गिअरपेटींतून खडखडाट ऐकूं येतो. तेल वेळच्या वेळीं बदलावें हें कोणास ठाऊक नसतें? तरीही तें बदललें जात नाहीं, याचें कारण पुष्कळदां आळस नसून एक लहानसें बूच असतें. तें निघत नाहीं, म्हणून तेल पुढच्या वर्षावर जातें. पुढच्या वर्षीं तें अधिकच घट्ट बसलेलें असतें. सुटींत गांवीं जाऊन वडिलांस यंत्राच्या कामीं हात देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठीं, व त्यांच्या पालकांसाठींही, या बुचाविषयीं थोडें लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

जुन्या ट्रॅक्टराच्या इंजिनास, गिअरपेटीस आणि मागील आंसाच्या पेटीस तेलाचे निरनिराळे सांठे असतात. प्रत्येक सांठ्याच्या तळाशीं तेल सोडण्याचें एक बूच असतें, आणि तेल भरण्यासाठीं वर किंवा बाजूस दुसरें. कित्येकांस तेलाची पातळी पाहण्याचें तिसरें बूचही असतें. सन १९६३ मध्यें महिंद्र आणि महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनीं मिळून मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापिली, आणि इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथें घडलेला बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्याकडे तयार होऊं लागला. त्या पिढीचीं यंत्रें खेड्यापाड्यांतून अद्यापि चालतांना दिसतात. त्यांच्या पेट्या बिडाच्या, बुचें बहुधा पोलादाचीं, आणि मापें इंचांचीं. या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढील सर्व समजणें सोपें जाईल.

बूच अडतें कां? पहिलें कारण गंज. लोखंड गंजलें म्हणजे तें मूळच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतें. आट्यांच्या फटींत ही जादा जागा नसते, म्हणून गंज पाचरीसारखा दाटून बसतो. आपल्या काळ्या मातीचा यास मोठा हातभार आहे. पावसाळ्यांत ती आंसाच्या पेटीखालीं लोण्यासारखी चिकटते, उन्हाळ्यांत विटेसारखी कडक होते, आणि मधल्या काळांत बुचाभोंवतीं ओल धरून ठेवते. दुसरें कारण बुचांची घडण. कांहीं बुचांचे आटे खालीं निमुळते होत गेलेले असतात. असें बूच जितकें आवळावें तितकें रुतत जातें. तिसरें कारण मनुष्य. "तेल गळतें" म्हणून मागच्या खेपेस कोणीं तरी पान्यास नळी घालून तें सर्व बळानें आवळलेलें असतें.

आतां मुख्य गोष्ट. तेल सोडण्याच्या बुचास हात लावण्यापूर्वीं तेल भरण्याचें बूच सैल करून पाहावें. हा क्रम आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतों. असें समजा, कीं कोणी खालचें बूच मोठ्या मेहनतीनें काढलें, सगळें जुनें तेल वाहून गेलें, आणि मग वर पाहातो तों भरण्याचें बूच जागचें हालत नाहीं. पेटी रिकामी, नवें तेल घालावयास वाट नाहीं, ट्रॅक्टर हालवून कारखान्यापर्यंत न्यावा तर कोरड्या दंतचक्रांची माती होणार. सोलापुराकडे पाऊस थोडा व लहरी. ज्वारीच्या पेरणीची ओल जमिनींत मोजके दिवसच टिकते. अशा वेळीं चार दिवस यंत्र उभें राहणें म्हणजे कधीं कधीं वर्षाचें पीक हातचें जाणें होय. उलट, वरचें बूच निघालें आणि खालचें निघालें नाहीं, तरी फारसें बिघडत नाहीं. वरच्या भोंकांतून नळी सोडून हातपंपानें बहुतेक तेल ओढून घेतां येतें. तळचा गाळ सगळा निघत नाहीं हें खरें. पण नवें तेल भरून, थोडे दिवस काम करून, पुन्हां एकदां ओढून बदललें म्हणजे हंगाम तरी निभावतो, आणि खालच्या बुचाशीं झगडावयास पुढें सवड मिळते.

कामास आरंभ करण्यापूर्वीं ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून चाकांस अडण्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखालीं कोणीही, विशेषतः मुलांनीं, कदापि जाऊं नये. मग बुचाभोंवतालची माती, रंग व गंज तारेच्या ब्रशानें साफ खरवडून काढावा. बुचाच्या डोक्यांत चौकोनी खळगा असेल तर त्यांतील वाळलेला चिखल टोंच्यानें कोरून काढावा; नाहीं तर किल्ली अर्धीच आंत बसते आणि कडा फाडून बाहेर येते.

यानंतर पाना. येथें इंच आणि मिलिमीटर यांचा घोटाळा फार बुचांचा घात करतो. पाऊण इंचाच्या डोक्यावर १९ मिलिमीटरचा पाना जवळजवळ बरोबर बसतो, म्हणून लोकांस वाटतें कीं सर्वत्र असेंच चालेल. परंतु ७/८ इंच म्हणजे सुमारें २२.२ मिलिमीटर. त्यावर २२ चा पाना चढत नाहीं. मग हाताशीं असलेला २४ चा लावला जातो, त्यांत पावणेदोन मिलिमीटरांची मोकळीक राहते, आणि पहिल्याच झटक्यास डोक्याचे कोन गोल होतात. योग्य मापाचा, सहा बाजूंनीं धरणारा गोटी पाना मिळाल्याखेरीज जोर लावूंच नये. उघड्या तोंडाचा पाना किंवा पाईपपाना हीं अशा बुचाचीं हत्यारें नव्हेत.

पाना नीट बसला, तरी लगेच झोंबूं नये. आदल्या संध्याकाळीं बुचाच्या कडेनें पातळ भेदक तेल सोडून ठेवावें. तें केशाकर्षणानें आट्यांत हळूहळू शिरतें. रात्रभर वाट पाहणें हा या कामांतील सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि आमच्या मतें सर्वांत कमी वापरला जाणारा. सकाळीं बुचाच्या डोक्यावर जाड बोथट छिन्नी टेकवून हातोड्याचे सरळ, नेमके, मध्यम ठोके द्यावेत. ठोके बुचावरच पडावेत, पेटीवर नव्हे. त्या हादऱ्यानें गंजाची पकड फुटते. मग प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें, नंतर सोडण्याच्या दिशेनें, असें आलटून पालटून हालवावें. केंसभर हाललें कीं पुन्हां तेल.

पान्याची लांबी वाढविली कीं जोर त्या प्रमाणांत वाढतो, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी तरफेच्या धड्यांत शिकलेच आहेत. ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर जें वजन टाकलें, तेंच १२० सेंटिमीटरच्या नळीच्या टोंकास टाकलें तर बुचावर दुप्पट पीळ पडतो. पण हा पीळ बुचास जसा लागतो तसा बिडासही लागतो. बीड दाब पुष्कळ सोसतें. ताण सोसत नाहीं. तें वांकत नाहीं, एकदम तडकतें. बूच थोड्या पैशांत मिळतें, पेटी मिळत नाहीं. नळी घालून चार गडी लोंबकळविणारे वीर हें विसरतात.

इतक्यानें न निघाल्यास उष्णता. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल गरम करावें, हा तिचा सौम्य प्रकार. त्यानें तेलही पातळ होऊन गाळासकट लवकर वाहतें. त्याहून अधिक हवी असल्यास गॅसच्या ज्योतीनें बुचाभोंवतालची पेटी तापवावी, बूच नव्हे. २५ मिलिमीटर व्यासाचें बिडाचें भोंक १५० अंशांनीं तापविलें तर तें सुमारें चार शतांश मिलिमीटरनें मोठें होतें. ही वाढ केसाच्या जाडीहूनही कमी आहे, पण गंजाची पकड सोडविण्यास पुष्कळदां पुरते. तापलेल्या आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकविली तर मेण वितळून आंत ओढलें जातें व वंगणाचें काम करतें. मात्र हें काम जाणत्या मोठ्या माणसानेंच करावें. वरचें बूच उघडें ठेवावें, म्हणजे आंतील वाफ कोंडणार नाहीं. डिझेलची टांकी, रबरी नळ्या व सांडलेलें तेल यांपासून ज्योत दूर ठेवावी. शेजारीं वाळूची बादली असावी. पेटी ॲल्युमिनियमची असेल तर ज्योत लावूं नये. तो धातु लाल न होतांच एकाएकीं वितळतो.

डोकें अगदींच गोल झालें असेल तर कुशल वेल्डरकडून त्यावर एक मोठा नट जोडून घ्यावा. नव्या नटास पाना धरतो, आणि जोडकामाची उष्णता थेट बुचांत उतरून तें निवतांना आकसतें, असा दुहेरी लाभ होतो. त्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्यात, आणि वेल्डिंगची परतीची तार बुचाच्या अगदीं जवळ लावावी, म्हणजे विजेचा प्रवाह बेअरिंगांतून जाऊन त्यांस इजा करणार नाहीं. बूच मध्यभागीं छिद्र पाडून पोखरून काढणें व आटे पुन्हां पाडणें हा शेवटचा उपाय. तो यंत्रशाळेवर सोपवावा.

बूच सुटल्यावर तें झटकन काढूं नये. अगदीं थोडें सैल करून थांबावें. आंत पाणी असेल तर तें तेलाहून जड असल्यामुळें तळाशीं बसलेलें असतें व प्रथम तेंच ठिबकतें. तेल दुधाळ दिसलें तर पाणी घुसळलें गेलें आहे असें समजावें व तें कोठून शिरतें याचा शोध घ्यावा. बारीक चमकदार पूड थोडी असावयाचीच. परंतु बोटांस लागतील असे तुकडे निघाले तर मिस्त्रीस दाखविल्याशिवाय पेटी भरूं नये. निघालेलें तेल डब्यांत सांठवून जुनें तेल गोळा करणाऱ्यास द्यावें. ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये.

परत बसवितांना आटे ब्रशानें स्वच्छ करून त्यांस थोडें ग्रीस लावावें. तांब्याचा वायसर जुना असल्यास लालसर होईतों तापवून निववावा. त्यानें तो पुन्हां मऊ होतो व कमी पिळानेंच गळती थांबवितो. बूच पहिले कांहीं फेरे बोटांनींच फिरवावें. बोटांनीं फिरत नसेल तर आटे तिरपे लागले आहेत, तें काढून पुन्हां सरळ लावावें. नंतर आंखूड पान्यानें बेतानें आवळून, तेल पातळीपर्यंत भरून, वरचें बूचही त्याच रीतीनें लावावें. अर्धा तास यंत्र चालवून झाल्यावर खालीं वांकून दोन्ही बुचांच्या कडेवरून कोरडें फडकें फिरवावें. तें कोरडेंच राहिलें, तर तेल बदलल्याची तारीख पेटीवर रंगानें लिहून ठेवावी.